पाणीयोजनेची पडताळणी : घाटावर व घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोकांच्या बोलण्यात नेहमीच वेगळे असतात, आणि पाण्याचा प्रश्नही तसाच दुहेरी आहे. घाटावर चिखली-मेहकरकडे काळ्या पाषाणातील विहिरी चैत्र-वैशाखात तळ गाठतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पाणी असते, परंतु ते तोंडी लावण्याजोगे नसते. या पट्ट्यातून मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणाचे गोडे पाणी नळावाटे आणण्याची १४० गावांची योजना आखली गेली, ती याच कारणाने.

योजना पुरी झाली की टाकी, नळ व उद्घाटनाची कोनशिला यांची नोंद होते. परंतु लांब पल्ल्याच्या योजनेत शेवटच्या गावाच्या शेवटच्या नळाला पाणी पोचले नाही, तर तेथील बाया पुन्हा खाऱ्या हातपंपावर जातात, आणि दप्तरात मात्र ते घर नळाचे म्हणूनच राहते. म्हणून नोंदवहीत नळांच्या संख्येपेक्षा पाणी किती दिवस आले व माणशी किती मिळाले, हे लिहावयास हवे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरविले आहे.

त्याच शेवटच्या नळाशी ओ. टी. चाचणी घ्यावी. पाण्याला पिवळी छटा आली म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. टाकीपाशी क्लोरीन मिळते व नळाशी मिळत नाही, असे आढळल्यास गटारातून गेलेली फुटकी नळी प्रथम शोधावी. येथे एक समजूत दूर केली पाहिजे. ब्लीचिंग पावडरीने किंवा उकळण्याने खारेपणा जात नाही. उकळताना पाणी आटते व क्षार उलट दाटतात. विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तेथे २००० पर्यंत चालवून घेतात.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबरात मोजते. त्या विहिरी निवडक असतात. गावाने आपल्या उद्भव विहिरीची पातळी दरमहा ठराविक तारखेस, पहाटे पंप सुरू होण्यापूर्वी फितीने मोजावी. उपसा चालू असता घेतलेले माप फसवे ठरते.

शौचालयांची गणना तर याहून अवघड आहे. बांधलेली मोजणे सोपे. आत कुटार भरलेले कोणते, हे दार उघडल्यावाचून कळत नाही. घाटाखालच्या चिकण काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, शोषखड्डे पावसाळ्यात तुंबतात व घरची मंडळी पुन्हा बाहेर जाऊ लागतात. यास्तव ही पाहणी श्रावणात करावी, उन्हाळ्यात नव्हे. विहिरीजवळ खड्डे असल्यास त्या पाण्यातील नायट्रेटही तपासून घ्यावे. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

स्रोतांच्या स्वच्छता पाहणीनंतर ग्रामपंचायतीस हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. पिवळे आले असता ते भिंतीवर लावून थांबू नये. कोणत्या विहिरीपायी आले हे जलसुरक्षकाकडून समजून घ्यावे आणि पुढील ग्रामसभेत वीजबिल व पाणीपट्टीच्या हिशेबाबरोबरच ते वाचून दाखवावे.