कमी पैशांत दवाखाना कसा चालतो? जामखेड बघा

आमच्या रिहे खोऱ्यात गावच्या दवाखान्याचा विषय निघाला की मी हटकून जामखेडचं उदाहरण देतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. जुलाबाने आलेलं मूल बरं होऊन घरी जायचं, तेच पाणी प्यायचं आणि पुन्हा खाटेवर यायचं. म्हणून १९७० साली जामखेडला काम मांडलं ते वेगळ्या पद्धतीने, आणि तेही गुरांच्या जुन्या दवाखान्यात!

गावोगावच्या बायका, त्यातल्या बऱ्याचशा निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. जुलाबावरचा उपाय त्या घरोघरी शिकवत: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे घरीच वेळेवर पाजलं की बहुतेक वेळा सलाइन लागतच नाही, एसटीचं भाडंही वाचतं. साधी बाळंतपणं गावातच व्हायची, अडलेली बाई तेवढी जामखेडला. त्यामुळे मोजके डॉक्टर खऱ्या गरजूंसाठी मोकळे राहिले. मला हा हिशेब सगळ्यात मोलाचा वाटतो. नव्या मशिनी नंतर घेता येतात.

१९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून लोक जामखेडला शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या गावोगावच्या बायकाही असतात.