पाहुणा गंज

तारेची घासणी रात्रभर सिंकमध्ये ओली पडून राहिली, की सकाळी तिच्याखाली तांबूस डाग दिसतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "हे कसलं स्टेनलेस? दुकानदाराने फसवलं!"

पण दोस्तांनो, दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी जरा थांबा. तो गंज बहुतेक वेळा स्टीलचा नसतोच! लोखंडी घासणीचे बारीक कण सुटतात, स्टीलला चिकटतात आणि ओलाव्याने गंजतात. करणी घासणीची, नाव स्टीलचं!

मग स्टील स्वतः सहजी का गंजत नाही? १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नवं पोलाद शोधत होते. त्यांनी पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलं. हे पोलाद आम्लालाही दाद देईना! क्रोमियम हवेतला प्राणवायू घेतं आणि धातूवर एक पापुद्रा धरतं. तो इतका पातळ, की डोळ्यांना दिसतच नाही. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा धरतो. तुमचं खरचटलेलं ढोपर बरं व्हायला आठवडा लागतो, याला तेवढाही धीर नाही.

याचा खरा वैरी म्हणजे मीठ. थंड पाण्यात टाकलेले मिठाचे खडे तळाशी बसून राहिले किंवा लोणचं दिवसचे दिवस स्टीलच्या डब्यात राहिलं, की मिठातलं क्लोराइड पापुद्रा भेदतं आणि धातूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. डाग निघतो हो, खड्डा नाही भरत. आजीने बोहारणीशी तासभर घासाघीस करून घेतलेलं पातेलं असं वाया गेलं तर? म्हणून मीठ टाका ते पाणी उकळल्यावर, आणि लोणच्याला आपली चिनी मातीची बरणीच बरी.

पाहुण्या गंजाला घालवणं मात्र सोपं आहे. खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून लगदा करा आणि मऊ फडक्याने हलकेच चोळा. स्टीलवर रेघा असतील तर रेघांच्याच दिशेने. चिवट डागावर लिंबाचा रस पाच मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. आणि कोरडं पुसा! नेमकं हेच सगळे विसरतात.

खरं वाटत नाही? आईला विचारून एक जुनी स्टीलची ताटली घ्या. तिच्यात एक ओला आणि एक कोरडा असे दोन लोखंडी खिळे ठेवा, आणि उद्या सकाळी बघा.