रँग्लर : एका परीक्षाश्रेणीचे मराठी उपपद

मराठीत व्यक्तिनामापूर्वी येणाऱ्या उपपदांमध्ये ‘रँग्लर’ हे एक विलक्षण उपपद आहे. शास्त्री, पंडित, आचार्य ही उपपदे विद्यापरंपरेतून आली. लोकमान्य, महात्मा ही लोकांनी बहाल केली. नामदार, रावबहादूर ही सरकारदरबारातून उतरली. ‘रँग्लर’ यांपैकी कोणत्याही वर्गात सरळ बसत नाही. मुळात ती केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेतील प्रथम श्रेणीची संज्ञा होय. ती पदवी नव्हे, अधिकारपद नव्हे, किताबही नव्हे. असे असता एका परकीय विद्यापीठाच्या निकालपत्रातील हा शब्द ‘लो. टिळक’ आणि ‘ना. गोखले’ यांच्या पंक्तीस जाऊन बसला आणि गणिताचा गंध नसलेल्या मराठी माणसाच्याही तोंडी रुळला. परीक्षेतील बहुमानाला भारतीय भाषांनी कोणकोणती रूपे दिली याचा विचार करताना हे उदाहरण बाजूस सारता येत नाही.

प्रथम मूळ व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. केंब्रिजमधील या परीक्षेला ‘ट्रायपॉस’ म्हणतात. जुन्या काळी उमेदवारांशी वाद घालण्यासाठी नेमलेला पदवीधर ज्या तीन पायांच्या तिवईवर बसे, तिच्यावरून हे नाव पडले. ‘रँग्लर’ म्हणजेही वाद घालणारा, हुज्जत घालणारा. पुढे तोंडी वाद मागे पडला, लेखी प्रश्नपत्रिका आल्या, शब्द मात्र कायम राहिला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून उत्तीर्णांची यादी गुणानुक्रमे लावली जाऊ लागली. तीत सर्वांत वर रँग्लर, त्यांच्या खाली सीनियर ऑप्टिमे, त्यांच्याही खाली ज्युनियर ऑप्टिमे असत आणि अगदी तळाशी असलेल्या विद्यार्थ्याला सहाध्यायी थट्टेने लाकडी चमचा अर्पण करीत. यादीतील पहिला तो सीनियर रँग्लर. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये त्याचे नाव वृत्तपत्रांतून गाजे. केल्विन १८४५ मध्ये आणि मॅक्सवेल १८५४ मध्ये दुसरे आले होते. केल्विनना मागे टाकणाऱ्या पार्किन्सन यांचे नाव आज किती जणांना आठवते, हा प्रश्न या परीक्षेविषयी पुष्कळ काही सांगून जातो.

वादातून विद्वत्तेची प्रतवारी लावण्याची कल्पना पुण्याला नवी नव्हती. पेशवाईत श्रावणमासी दक्षिणेच्या निमित्ताने शास्त्रीपंडित पुण्यात जमत आणि त्यांच्या अध्ययनाचा कस पाहिला जाई. पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेच्या निधीचा काही भाग इंग्रजी अमदानीत नव्या विद्येकडे वळविण्यात आला. १८५१ मध्ये ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ स्थापन झाली आणि पुढे ‘दक्षिणा फेलो’ ही संज्ञा प्रचारात आली. जुने नाव आणि नवी पाठ्यवृत्ती यांचा हा जोड मराठीच्या प्रकृतीला मानवणारा होता. ‘शास्त्री’ हे अध्ययनदर्शक पद आडनावासारखे वापरण्याची सवय ज्या समाजाला होती, त्याला ‘रँग्लर’ नावाला जोडणे अवघड वाटले नसावे.

तथापि केंब्रिजचा पहिला भारतीय रँग्लर मराठी नव्हता. तो मान आनंदमोहन बसू यांचा, साल १८७४. कलकत्त्याचे सिटी कॉलेज, साधारण ब्राह्म समाज, १८९८ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद अशा अनेक नात्यांनी बंगालने त्यांची आठवण ठेवली. ते पहिले रँग्लर होते ही गोष्ट त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. पण ती सांगितली जाते, नावापूर्वी हाक म्हणून उच्चारली जात नाही. बंगालमध्ये परीक्षेतील बहुमानाचे खास चिन्ह वेगळेच होते. मुंबईचे कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले आणि त्यातून निघालेल्या शिष्यवृत्तीची ‘पी. आर. एस.’ ही अक्षरे बंगाली विद्वानांच्या नावापुढे दिमाखाने झळकू लागली. आशुतोष मुखोपाध्याय हे ती मिळविणाऱ्यांपैकी एक. यदुनाथ सरकार यांच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरही ही अक्षरे दिसतात. हिंदीत ‘बाबू श्यामसुंदरदास, बी. ए.’ आणि मराठीत ‘काशिनाथ त्र्यंबक तेलंग, एम. ए., एलएल. बी.’ ही याच पद्धतीची नामलेखने. नावानंतर येणारी अक्षरे ही छापील पानावरची नोंद असते. वाचताना ती गाळली तरी काही बिघडत नाही. नावापूर्वी येणारे उपपद बोलण्यात शिरते. ‘रँग्लर’ने ओलांडलेली सीमारेषा ही होय.

ती ओलांडली गेली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे. दापोलीजवळच्या मुर्डी गावी १८७६ मध्ये जन्मलेले, धोंडो केशव कर्वे यांच्या नात्यातले हे विद्यार्थी १८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले आणि १८९९ मध्ये बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. वार्ता पुण्यात आली तेव्हाचे पुणे कोणते होते, हे येथे विसरून चालणार नाही. १८९७ ची प्लेगची साथ, रँडचा वध, टिळकांवरील राजद्रोहाचा खटला व कारावास या घटना ताज्या होत्या. चापेकर बंधूंपैकी बाळकृष्ण व वासुदेव यांना १८९९ च्या मे महिन्यातच फाशी झाली होती. जे शहर सरकारच्या लेखी संशयित ठरले होते, त्याच शहराशी नाते सांगणारा एक तरुण इंग्रजांच्या सर्वांत मानाच्या परीक्षेत इंग्रजांच्या बरोबरीने अग्रस्थानी आला. हा मान एका व्यक्तीचा राहणे शक्यच नव्हते. बुद्धीच्या बाबतीत आपण उणे नाही याचा पुरावा लोकांना हवा होता आणि तो परीक्षकांच्याच हस्ताक्षरात मिळाला होता. मात्र या पुराव्यात एक कबुलीही दडलेली होती. तराजू त्यांचा आहे आणि तो खरा आहे, असे मानल्यावाचून हा आनंद साजरा करता येत नव्हता.

उपपद रूढ होण्यास एक साधे व्यावहारिक कारणही घडले असावे. त्या काळी पुण्यात दुसरेही एक परांजपे गाजत होते. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये ‘काळ’ पत्र सुरू केले. त्यातील वक्रोक्तिपूर्ण निबंधांनी तरुणांना वेड लावले आणि १९०८ मध्ये लेखकाला तुरुंगात धाडले. एक ‘काळकर्ते परांजपे’, दुसरे ‘रँग्लर परांजपे’ असा भेद करणे बोलणाराला सोयीचे होते. परीक्षेतील मान काळकर्त्यांच्याही पदरी होताच. मॅट्रिकला संस्कृतमधील प्रावीण्यासाठी मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली होती. पण त्यांना कोणी ‘शंकरशेट स्कॉलर परांजपे’ म्हटले नाही. जहाल राजकारणाच्या परांजप्यांना त्यांच्या पत्राने ओळखले जावे आणि नेमस्त परांजप्यांना त्यांच्या परीक्षेने, या विभागणीत भाषेने नकळत एक राजकीय निवाडा करून ठेवला आहे. तो पुरता न्याय्य नाही; पण अगदीच खोटाही म्हणता येणार नाही.

केवळ अग्रस्थानाने हे उपपद टिकले असते काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. सीनियर रँग्लरला त्या काळी मोठ्या पगाराच्या जागा खुल्या होत्या. परांजपे परत आले ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून. आजीव सदस्यत्व म्हणजे वीस वर्षांचे बांधील अध्यापन, आणि वेतन गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्यांनी ज्यावर आयुष्य काढले ते, म्हणजे महिना ७५ रुपयांच्या आसपास. १९०२ मध्ये गोखले फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी परांजपे तेथे प्राचार्य झाले. महाराष्ट्रात विद्वत्तेला मान मिळतो. पण विद्वत्ता अल्पसंतुष्ट राहिली तर तो दुप्पट मिळतो. ‘रँग्लर’ या शब्दाला मराठीत जो एक सात्त्विक अर्थ चिकटला तो केंब्रिजचा नव्हे, फर्ग्युसनच्या टेकडीचा आहे. केंब्रिजमध्ये या शब्दातून बुद्धीची चपळाई सूचित होई. पुण्यात त्यातून ती चपळाई विकावयास न काढणारा माणूस सूचित होऊ लागला. पुढे परांजपे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, १९३२ ते १९३८ या काळात लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते, त्यांना ‘सर’ हा किताबही मिळाला. तरी मराठीत ते अखेरपर्यंत रँग्लरच राहिले. गणितात मात्र त्यांच्या नावाचा सिद्धान्त नाही. हे दूषण नव्हे. अध्यापन व सार्वजनिक कार्य यांतच त्यांची शक्ती खर्ची पडली. तरीही एका गणिती बहुमानाचे मराठी प्रतीक ठरलेल्या व्यक्तीने गणित-संशोधन जवळजवळ सोडून द्यावे, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

ही विसंगती केंब्रिजलाही बोचत होती. १८९८ मध्ये चौथे रँग्लर झालेले जी. एच. हार्डी हे या परीक्षेचे कठोर टीकाकार बनले. क्रमांकाच्या स्पर्धेत चतुर उत्तरे लिहिण्याची कला वाढते आणि खरे गणित मागे राहते, हा त्यांचा आक्षेप. अखेर १९०९ नंतर गुणानुक्रमे यादी लावण्याची पद्धत बंद झाली. रँग्लरांची श्रेणी राहिली, पण जाहीर क्रमांक गेला. पुढे हार्डींनी ज्या भारतीयाला केंब्रिजला आणविले ते श्रीनिवास रामानुजन कोणत्याच यादीतले नव्हते. कुंभकोणम् आणि मद्रास येथील महाविद्यालयीन परीक्षांत ते अनुत्तीर्ण झाले होते आणि केंब्रिजने त्यांना १९१६ मध्ये पदवी दिली ती संशोधनाच्या आधारे. मराठीने क्रमांक केंब्रिजच्या आधीच, वेगळ्या कारणाने, टाकून दिला होता. ‘सीनियर’ हे विशेषण बोलण्यात गळाले आणि परांजपे नुसते ‘रँग्लर’ झाले. त्यामुळे त्यांच्यामागून आलेल्यांना, त्यांचा क्रम कोणताही असो, हे उपपद सहज लावता आले.

ज्यांना ते लावता आले नाही त्यांचाही विचार झाला पाहिजे. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीचे गुण सीनियर रँग्लरपेक्षा अधिक भरले. स्त्रियांची यादी निराळी असल्याने त्यांचे स्थान ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असे वाचले गेले. पदवी मात्र मिळाली नाही. परांजपे केंब्रिजमध्ये शिकत असतानाच, १८९७ मध्ये, स्त्रियांना पदव्या देण्याचा प्रस्ताव तेथे प्रचंड बहुमताने फेटाळला गेला. हिंदुस्थानात याहून निराळे काय होते? कामिनी सेन, पुढे कवयित्री म्हणून ख्यातनाम झालेल्या कामिनी राय, या १८८६ मध्ये कलकत्त्याच्या बेथून कॉलेजातून संस्कृत विषयात ऑनर्ससह पदवीधर झाल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी कॉर्नेलिया सोराबजी यांना पदवीपरीक्षेतील उच्च यशाच्या बळावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. आपण स्त्री असल्यामुळे ती नाकारली गेली, असे त्यांनी नमूद केले आहे. त्यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती आली १९२२ मध्ये. सेन यांच्या मानाचा कलकत्त्याने स्वीकार केला, सोराबजींच्या मानाची तीस वर्षे पदवीच झाली नाही. पण दोघींच्याही नावाला त्या मानाचे उपपद लागले नाही. स्वतः रँग्लर परांजपे यांनी १९१६ ते १९२० या काळात कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले, याची नोंद येथे करणे उचित होईल. त्यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजातून गणिताचाच ट्रायपॉस दिला. १९२९ मध्ये त्या बाहेर पडल्या तेव्हा त्या विद्यापीठात स्त्रियांना पदवीचे नाव मिळे, पदवीचे हक्क मिळत नसत. ते मिळण्यास १९४८ उजाडावे लागले. मराठी रसिक त्यांना ‘कुंकू’ चित्रपटातील भूमिकेमुळे आणि संततिनियमनाच्या कार्यामुळे ओळखतो. वडिलांच्या नावाला कायमची जडलेली परीक्षा मुलीच्या चरित्रात एका ओळीची होते.

परांजप्यांमागून हे उपपद ज्यांना लाभले त्यांत गणेश सखाराम महाजनी आणि विष्णु वासुदेव नारळीकर हे प्रमुख. महाजनी फर्ग्युसनचे प्राचार्य होते आणि पुढे राजस्थान, दिल्ली व पुणे या विद्यापीठांचे कुलगुरू झाले. नारळीकरांना मदनमोहन मालवीय यांनी १९३२ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयात आणले, आणि सापेक्षता सिद्धान्ताच्या अध्ययनाची एक परंपराच तेथे उभी राहिली. महाराष्ट्राबाहेर आयुष्य वेचलेल्या या दोघांच्या नावामागे मराठी माणूस मात्र ‘रँग्लर’ लावीत राहिला. दूर गेलेल्या माणसाला आपल्याकडे ओढून ठेवण्याची ती एक रीत होती.

काशीतल्या नारळीकरांचे पुत्र जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हेही १९५९ मध्ये केंब्रिजमध्ये रँग्लर झाले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि नाशिक येथे २०२१ मध्ये भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. परीक्षा तीच, श्रेणी तीच, घराणेही तेच. तरी त्यांना मराठीने ‘डॉ. जयंत नारळीकर’ असेच म्हटले. १९६३ मध्ये फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली पुऱ्या झालेल्या संशोधनाची ती पदवी होती.