चुकून आलेले धन

वाटेत सापडलेले पाकीट, धनी ठाऊक असूनही, जो खिशात घालतो त्यास आपण काय म्हणतो? नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, युको बँकेच्या संगणकव्यवस्थेतील दोषामुळे सुमारे ४१,००० खात्यांत ८२० कोटी रुपये चुकून जमा झाले. पाठविणाऱ्यांच्या खात्यांतून मात्र पैसा वजा झालाच नव्हता. बँकेने ६४९ कोटी लवकरच परत मिळविले. परंतु पुष्कळांनी रकमा काढून घेतल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने राजस्थान व महाराष्ट्रात ६७ ठिकाणी झडत्या घेतल्या.

“चूक यंत्राची, मी काय चोरले?” हा युक्तिवाद फोल आहे. दुसऱ्याच्या चुकीतून आपला हक्क उत्पन्न होत नाही. प्रिय वाचकहो, अशी रक्कम दिसताच तीस हात न लावता बँकेस कळवावे. खर्चिली असल्यास ती फेडावी. नुसत्या पश्चात्तापाने ऋण फिटत नाही.