कसंतरी म्हणजे कसं?

माझी आई एकदा एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेत प्रश्न म्हणून आली होती. १९९१ सालची गोष्ट. लहानपणी सांधे धरून आलेल्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. डॉक्टरांच्या भाषेत मिट्रल स्टेनोसिस. मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात तिनं इतके हेलपाटे घातले होते की वॉर्डातले मामा आणि मावश्या तिला नावानं हाक मारत. परीक्षेसाठी ‘चांगली केस’ हवी म्हणून निरोप आला, तेव्हा ती ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. समोर घामाघूम झालेला पोरगा. स्टेथोस्कोप छातीवर इकडून तिकडे फिरवतोय, ऐकू काहीच येत नाही. परीक्षक पलीकडच्या कॉटपाशी आहेत असं बघून आई पुटपुटली, “बाळा, आधी मला डाव्या कुशीवर वळव. आणि चपटी बाजू नको, वाटीची लाव.” महिन्याभरानं तो ओपीडीत पेढे घेऊन आला. घरी येऊन आई म्हणाली, “झालो बाई पास!”

तेव्हापासून मला या पोरांचं वेड लागलं. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी केली. पण आधी आईपायी, मग सवयीनं, आणि निवृत्तीनंतर केसपेपरच्या रांगेत लोकांना मदत करणारा म्हणून मी तीसेक वर्षं वॉर्डांत वावरलोय. मोठ्या सर्जनांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते नव्याकोऱ्या पांढऱ्या कोटातल्या, कॉटपाशी नेमकं कुठं उभं राहावं हेही न कळणाऱ्या मुलामुलींवर.

रीतीपुरती माहिती आधी उरकतो. भायखळ्याचं जे. जे. आणि त्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीतले. नायरशी जोडलेलं टोपीवाला कॉलेज १९२१ चं. परळचं केईएम आणि शेठ जी. एस. कॉलेज १९२६ चं. शिकवणारे सगळे भारतीयच असावेत ही तिथं देणगीची अट होती. धारावीशेजारच्या शीव रुग्णालयाचं कॉलेज १९६४ चं. जे. जे. सरकारी, बाकीची महापालिकेची. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. दुसऱ्या वर्षापासून सकाळी वॉर्डात पोस्टिंग: काही आठवडे मेडिसिन, काही सर्जरी, मग बाळंतपणं, मुलं, हाडं, डोळे, कान-नाक-घसा, त्वचा. झालं.

आता माझ्या आवडीचं. पोस्टिंगमध्ये पहिली शिकण्याची गोष्ट म्हणजे ‘केस घेणं’. मुलानं पेशंटपाशी जायचं, काय होतंय विचारायचं, कधीपासून, कसं, कशानं वाढतं, कशानं कमी होतं ते लिहायचं आणि राउंडला सरांपुढे मांडायचं. ऐकायला सोपं आहे. पण मुलगा शिकलेला असतो इंग्रजी पुस्तकातून, आणि पेशंट बोलतो वेगळंच. शिवाय पंधरा टक्के जागा देशभरातल्या मुलांसाठी असतात. कोणी कोट्याहून आलेला, कोणी कोट्टायमहून. त्याला मराठी शिकवतात त्या वॉर्डातल्या मावश्या, बेडपॅन उचलता उचलता.

आणि मराठी दुखणं म्हणजे काय सोपं प्रकरण आहे? पुस्तकात ‘पेन’. इथं ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. ठणका लागला की पू धरल्याची शंका घ्यावी. कमरेतून पायात सणक जाते म्हणाला तर नस दबली असेल. मुरडा येतो म्हटलं की आतड्याकडे बघायचं. उसण भरते ती पाठीत. तळपायांची आग होते म्हटलं की साखर तपासायची. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय म्हटलं, की बाकीचे प्रश्न गुंडाळून धावायचं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली दुखण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द, २० गटांत लावलेले. मला ते वाचून जरा हसूच आलं. आमच्या वॉर्डातल्या चार आज्या एका दुपारी ठसठस, चुरचूर, हुळहुळ करत निम्मी यादी भरून देतील.

तरी शब्द हा अर्धाच भाग. उरलेलं म्हणजे प्रश्न पेशंटच्या घरात नेऊन विचारणं. हृदय कमजोर असेल तर आडवं पडल्यावर धाप लागते. म्हणून पुस्तक सांगतं, विचारा: किती उशा घेऊन झोपता? दहा बाय दहाच्या खोलीत सातजण जमिनीवर झोपतात, उशी एकच, ती सासऱ्यांची. एका मुलीनं माझ्यासमोर हा प्रश्न तीन वेळा विचारला, आणि तिन्ही वेळा बाई ओशाळून म्हणाली, “आहे ना उशी.” शेवटी रजिस्ट्रार मॅडम वाकल्या आणि म्हणाल्या, “मावशी, रात्री उठून भिंतीला टेकून बसावं लागतं का हो?” बाईचे डोळेच भरले. महिनाभर ती तशीच बसत होती. दम किती लागतो हे मोजायलाही मुंबईनं आपलं माप काढलंय. किती मीटर चालता असं कुणी विचारत नाही. रेल्वेचा पूल एका दमात चढता की मधे कठडा धरता, एवढं कळलं की पुरे.

इथं थोडं आडवळण घेतो. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं आणि डॉक्टरांना सुचवलं, की नेहमीच्या प्रश्नांत आणखी एक घाला: तुमचा धंदा काय? गिरणगावात तर हा प्रश्न विचारल्यावाचून निदानच होत नसे. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या छातीच्या रोगाची खूण अशी, की सुट्टीनंतर कामावर जाण्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. म्हणजे ‘कधी त्रास होतो’ याचं उत्तर घड्याळात नसून वारात असायचं! १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, प्रश्न राहिला. आता उत्तरं येतात: जरीकाम, रात्रपाळीचा वॉचमन, दिवसाला बारा तास मोटारसायकलवरून जेवणाचे डबे. आणि पावसाळ्यात धंद्याआधी विचारायचं, गुडघाभर पाण्यातून चाललात का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर लेप्टोनं, म्हणजे साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापानं, वॉर्ड भरले. त्या वर्षी पोस्टिंगला असलेली मुलं आज प्राध्यापक झाली असतील. तापाचा पेशंट दिसला की त्यांची नजर अजून आधी पायांवरच्या जखमांकडे जात असणार.

अशा रुग्णालयांबद्दल एक लाडकं वाक्य ऐकू येतं: “पेशंट भरपूर, म्हणून शिकायला भरपूर.” मला ते पटत नाही. दोन कॉटच्या मधे जमिनीवर गादी टाकून पडलेला माणूस कुणाच्या अभ्यासासाठी तिथं पडलेला नसतो. ७४ हजार कोटींहून मोठं अंदाजपत्रक (२०२५-२६) मांडणाऱ्या महापालिकेच्या दारात ‘हे औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी घेऊन नातेवाईक उभा असतो, तेव्हा पोरंही काहीतरी शिकत असतात, पण ते अभ्यासक्रमात नसतं. रक्ताच्या बाटल्या लॅबला पोचवणं, ट्रॉली ढकलणं, नातेवाइकाचा हात दुखला की श्वासाची पिशवी आपण दाबत बसणं. एक इंटर्न मला म्हणाला, “काका, मी साडेपाच वर्षांत सगळ्यात जास्त जिने शिकलो.” आणि संकोचाचं कुणी बोलतच नाही. एका पोटावर सकाळपासून दहा जण हात ठेवतात. त्यातले किती जण आधी विचारतात? आईनं एकदा सरळ सांगितलं होतं, “आज मी केस नाही, आज मला झोपू दे.” मुलगा खजील होऊन गेला, दुसऱ्या दिवशी विचारून आला. हल्ली रुग्णाशी कसं बोलावं हे अभ्यासक्रमात घातलंय, २०१९ पासून. चांगलं झालं.

परवाच्या श्रावणात असाच एका वॉर्डात होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. राजस्थानातला एक मुलगा, खिशात छोटी वही. तिच्यात तो पेशंटांचे शब्द उतरवून घेतो: ‘अंगावरून जाणं’, ‘कणकण’, ‘जीव घाबरा होणं’, समोर हिंदी अर्थ. सत्तरीच्या एक आजी आल्या होत्या, साखरेच्या जुन्या पेशंट. दुखत नाही, ताप नाही, खोकला नाही.

“आजी, मग होतंय काय?”

“कसंतरी होतंय.”

त्यानं वहीत लिहिलं. मग पेन थांबलं. “कसंतरी म्हणजे कसं?”

“अरे, कसंतरी म्हणजे कसंतरी!”

तो हसला, मीही हसलो. पलीकडच्या कॉटपाशी लिहीत बसलेल्या रजिस्ट्रारनं मात्र मान वर केली. साखरेच्या म्हाताऱ्या पेशंटला हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नसतं. कधीकधी नुसतं कसंतरी होतं. “ईसीजी,” तो म्हणाला, “आत्ता.” दोन वॉर्डांत मिळून चालू यंत्र एकच, तेही खालच्या मजल्यावर. पोरगा वही कॉटवरच टाकून पळाला. यंत्र छातीशी कवटाळून तो धापा टाकत जिना चढून आला, तेव्हा आजी मावशींकडे चहा मागत होत्या, आणि मावशी त्यांना सांगत होत्या, “आधी पट्टी निघू दे, मग चहा.”