आदर्शवादाचं बिल

हॉस्टेलवर 'ध्येयवादी' ही शिवी आहे. काच आणि ट्यूबलाइट हाताशी असताना जो जीटी न मारता शीट स्वतः काढत बसतो, तो ध्येयवादी. ओरल्सच्या आदल्या रात्री सगळा मजला सिनेमा बघत असताना जो जर्नल समजून घेत बसतो, तो तर महाध्येयवादी! आपल्या आधीच्या पिढ्यांना मात्र हा शब्द फार प्रिय होता. माझ्या आजोबांच्या कपाटात वि. स. खांडेकरांच्या कादंबऱ्यांची रांग आहे. त्यातले नायक गरिबांसाठी झटतात, त्याग करतात आणि मधूनमधून सुंदर वाक्यं बोलतात. दहावीच्या सुट्टीत त्या वाचून मी ठरवलं होतं की आपणही असंच व्हायचं. मग मी इंजिनियरिंगला आलो. असो.

या लेखात मला जगाच्या साहित्यातल्या काही ध्येयवाद्यांबद्दल लिहायचं आहे. त्यांची थोरवी गाणारे निबंध आपण शाळेत पुष्कळ लिहिले, त्यामुळे ते पुन्हा नको. मला पडलेला प्रश्न जरा हिशेबी आहे. आदर्शाचं बिल येतं तेव्हा ते भरतं कोण?

सुरुवात अर्थातच डॉन किहोतेपासून. स्पेनच्या सर्व्हान्टिसने ही कादंबरी दोन भागांत लिहिली, पहिला भाग 1605 सालचा आणि दुसरा 1615 चा. शूर सरदारांच्या गोष्टी वाचून डोकं फिरलेला हा म्हातारा पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला घेऊन धावतो, हे न वाचलेल्यालाही माहीत असतं. तिथे मार त्यालाच बसतो, म्हणून आपण हसतो आणि थोडं प्रेमही करतो. पण त्याच्या आधी, अगदी सुरुवातीला, एक प्रसंग आहे. आंद्रेस नावाच्या पोराला त्याचा मालक झाडाला बांधून पट्ट्याने मारतोय. पोराचा नऊ महिन्यांचा पगार थकलाय. किहोते भाला रोखतो, मालकाकडून पगार द्यायचं वचन घेतो आणि मोठ्या समाधानाने निघून जातो. तो दिसेनासा झाल्यावर मालक पोराला पुन्हा बांधतो आणि आधीपेक्षा जास्त मारतो. बऱ्याच प्रकरणांनंतर आंद्रेस त्याला परत भेटतो आणि हात जोडून सांगतो की पुन्हा कधी मला मार खाताना पाहिलंत तर मेहेरबानी करून मदत करू नका. पवनचक्क्यांचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आंद्रेसचं कुणीच नाही.

आता मुख्य माणूस, हेन्रिक इब्सेन. नॉर्वेचा नाटककार, जन्म 1828. बापाचं दिवाळं निघाल्यामुळे पोरवयात औषधाच्या दुकानात उमेदवारी केलेला. (केमिकलवाल्यांनी नोंद घ्यावी.) त्याने दोन वर्षांच्या अंतराने दोन नाटकं लिहिली, 1882 मध्ये 'अॅन एनिमी ऑफ द पीपल' आणि 1884 मध्ये 'द वाइल्ड डक'. दोन्हींच्या मध्यभागी सत्यासाठी हट्ट धरणारा माणूस आहे. पहिल्याच्या बाजूने आपण टाळ्या वाजवतो. दुसऱ्याचा गळा धरावासा वाटतो. लिहिणारा मात्र एकच!

पहिलं नाटक तर इंजिनियरिंगला सिलॅबसमध्ये लावायला हवं. समुद्रकाठचं एक लहान गाव. तिथे औषधी स्नानगृहं बांधली आहेत, बाहेरून लोक प्रकृती सुधारायला येतात आणि त्यावर गावाची भरभराट चालू आहे. डॉ. थॉमस स्टॉकमन हे तिथले वैद्यकीय अधिकारी. आदल्या मोसमात काही पाहुण्यांना टायफॉइड आणि पोटाचे विकार झाले म्हणून डॉक्टरांना शंका येते. ते गाजावाजा न करता पाण्याचे नमुने विद्यापीठात तपासायला पाठवतात. रिपोर्ट येतो की पाण्यात कुजलेले सेंद्रिय पदार्थ आहेत आणि सूक्ष्म जीव बुजबुजलेत. कारण सरळ आहे. वरच्या अंगाला कातडी कमावण्याचे कारखाने आहेत, त्यांची घाण झिरपून खाली पाइपात येते. पाणी जिथून घ्यायचं ती जागा चुकीची, फार खाली. ती वर घ्या असं डॉक्टरांनी बांधकामाच्या वेळीच सांगितलं होतं, पण ऐकलं गेलं नाही. सिव्हिलवाले मित्र हे वाचून नुसती मान हलवतील.

एक गोष्ट लक्षात घ्या. 1882 च्या मार्चमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी हे नाटक आलं. न दिसणारे जीव माणसाला आजारी पाडतात ही कल्पना सामान्य माणसाच्या पचनी पडायची होती. नाटकात एक म्हातारा कारखानदार, डॉक्टरांचा सासराच, पाण्यातल्या अदृश्य प्राण्यांची गोष्ट ऐकून पोट धरून हसतो. त्याला वाटतं, जावयाने गावाला चांगलंच बनवलं!

डॉक्टरांना वाटतं की गाव आपली मिरवणूक काढेल. हा त्यांचा भाबडेपणा आणि थोडी हौससुद्धा. इब्सेन ती लपवत नाही. इथे त्यांचा सख्खा मोठा भाऊ पीटर येतो, जो गावचा मुख्य अधिकारी आणि स्नानगृहांच्या समितीचा अध्यक्ष. त्याचं गणित पक्कं. पाइपलाइन पुन्हा टाकायची तर खर्च दोनेक लाख क्रोनर, दोन वर्षं सगळं बंद, तोवर पाहुणे शेजारच्या गावी जाणार. तेव्हा रिपोर्ट दाबा, हळूहळू बघू. हा माणूस मूर्ख नाही. अशी 'हळूहळू बघू' म्हणणारी माणसं आपण रोज भेटतो, आणि खरं सांगायचं तर नोकरी लागल्यावर आपल्यातले बरेच जण तेच म्हणणार आहेत.

आधी स्थानिक पेपरचा संपादक हॉवस्टाड आणि छापखानेवाला आस्लाक्सन डॉक्टरांच्या बाजूने असतात. आस्लाक्सन घरमालकांच्या संघटनेचा पुढारी, तोंडात सतत 'संयम'. पण हा खर्च शेवटी गावकऱ्यांच्याच खिशातून जाणार हे पीटरने सांगितल्यावर दोघंही फिरतात. लेख छापला जात नाही. डॉक्टर सभा बोलावतात, तर सभेचा अध्यक्ष होतो तो आस्लाक्सनच. रिपोर्ट वाचायलाच बंदी! मग डॉक्टरांचा तोल सुटतो. पाण्याचा विषय बाजूला पडतो आणि बहुमत हाच सत्याचा शत्रू, सामान्य लोक म्हणजे गावठी कुत्री, असं काहीबाही ते बोलून जातात. मला हा भाग वाचताना राग येतो. हातात आकडे असलेला माणूस आकडे सोडून शिव्या द्यायला लागला की समोरच्याचं काम सोपं होतं. ठराव होतो की डॉक्टर स्टॉकमन हे लोकशत्रू आहेत. विरोधात मत पडतं एका दारुड्याचं.

पुढे घराच्या काचा फुटतात, घरमालक जागा सोडायला सांगतो, डॉक्टरांची नोकरी जाते, शिक्षिका असलेल्या पेट्राचीही जाते. पोरांना शाळेतून घरी पाठवतात. सभेला घर दिलं म्हणून एका कप्तानाचं जहाजही जातं. शेवटी सासरा स्नानगृहांचे पडलेले शेअर्स विकत घेऊन येतो, आणि तेही मुलीनातवंडांसाठी ठेवलेल्या पैशातून. रिपोर्ट मागे घेतला तर शेअर वर, नाहीतर पोरांची ठेव पाण्यात. डॉक्टर क्षणभर डगमगतात. पण रिपोर्ट मागे घेत नाहीत.

सत्यजित राय यांनी यावर 1989 मध्ये 'गणशत्रू' हा बंगाली सिनेमा केला. त्यात स्नानगृहांच्या जागी देऊळ आहे आणि दूषित होतं ते तीर्थाचं पाणी. डॉक्टरच्या भूमिकेत सौमित्र चॅटर्जी. शेवट राय यांनी बदलला. त्यांचा डॉक्टर एकटा पडत नाही, तरुण मुलं त्याच्या बाजूने घोषणा देत येतात. बघताना बरं वाटतं. पण इब्सेनचा शेवट मला जास्त खरा वाटतो.

आता 'वाइल्ड डक'. इथला ध्येयवादी म्हणजे ग्रेगर्स वेर्ले, श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. बापाने आईला दुःख दिलं म्हणून बापावर चिडलेला. त्याचा जुना मित्र यालमार एकदाल हा फोटोग्राफर. घरात बायको गीना, चौदा वर्षांची मुलगी हेडविग आणि यालमारचे म्हातारे वडील. माळ्यावर ससे, कोंबड्या आणि एक जखमी रानबदक. यालमार म्हणे मोठा शोध लावतोय, त्यासाठी दुपारी जेवून सोफ्यावर पडतो. (असा शास्त्रज्ञ आपल्या प्रत्येक मजल्यावर एक आहे.) घर गीना चालवते. गरिबी आहे, पण घर हसतं-खेळतं आहे.

ग्रेगर्सला कळलेलं असतं की गीना लग्नाआधी वेर्लेंच्या घरी कामाला होती आणि त्याच्या बापाने तिच्याशी संबंध ठेवले होते. हेडविगची दृष्टी जात चालली आहे, म्हाताऱ्या वेर्लेचीही. म्हणजे मुलगी नक्की कुणाची? ग्रेगर्स ठरवतो की हे लग्न असत्यावर उभं आहे, ते सत्यावर उभं केलं पाहिजे. तो त्यांच्याच घरात खोली भाड्याने घेतो. पहिल्याच सकाळी स्वतः शेगडी पेटवायला जातो, खोलीभर धूर करतो आणि विझवायला जमिनीवर पाणी ओततो. सगळी घाण गीनाला निस्तरावी लागते. पुढचं सगळं नाटक या एका शेगडीत आहे असं मला वाटतं.

तो यालमारला सगळं सांगतो. त्याची अपेक्षा असते की आता नवरा-बायको एकमेकांना माफ करतील आणि उजळलेल्या चेहऱ्याने नवं आयुष्य सुरू करतील. होतं भलतंच. यालमार हेडविगला जवळ येऊ देत नाही. ग्रेगर्स हार मानत नाही, तो पोरीला सुचवतो की तुझं सगळ्यात लाडकं रानबदक बापासाठी मारून टाक, मग त्याला तुझं प्रेम पटेल. दुसऱ्या दिवशी यालमार घर सोडून जायची भाषा करत करत लोणी-पाव खात बसलेला असतो. तेवढ्यात माळ्यावर गोळीचा आवाज येतो. हेडविगने बदकाला नाही, स्वतःला गोळी घातलेली असते. खाली राहणारा डॉक्टर रेलिंग ग्रेगर्सला आधीपासून बजावत असतो की माणसांना जगायला थोडं खोटं लागतं, ते काढून घेऊ नकोस. रेलिंग स्वतः दारुडा आणि कडवट आहे, त्यामुळे त्याचंही सगळं खरं मानायचं कारण नाही.

आता माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय हे लिहिणं अप्रामाणिक होईल. सेकंड इयरला माझ्या रूम पार्टनरचा वायडी झाला. घरी त्याने सगळे विषय सुटले असं सांगितलं होतं. मला ते सहन होईना. मी त्याला सत्यावर भाषण दिलं. तो म्हणाला, 'थोडं थांब ना यार.' मी का थांबू, असं मी विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. त्याच्या वडिलांना मीच फोन लावला. 'काका, तुम्हाला खरं कळायला हवं.' त्या रात्री मला शांत झोप लागली, हे लिहायला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आले, काही न बोलता त्याची ट्रंक रिक्षात घालून घेऊन गेले. नंतर कळलं की तीन आठवड्यांवर त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि ते पार पडल्यावर तो स्वतःच सांगणार होता. त्या लग्नघरात काय झालं ते मला त्याने कधी सांगितलं नाही. तो वर्षभर घरी राहिला, मग परत आला. रूम वेगळी, बॅच वेगळी.

त्यानंतर काही महिन्यांनी लायब्ररीत (पंखा तिथेच चालतो) मला इब्सेन सापडला. ग्रेगर्सची शेगडी वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. मग पुन्हा उघडलं.

स्टॉकमन आणि ग्रेगर्स यांच्यातला फरक मी तेव्हापासून शोधतोय. सोपं उत्तर असं की स्टॉकमनने स्वतःचं घर पणाला लावलं आणि ग्रेगर्सने दुसऱ्याचं. पण ते पूर्ण बसत नाही. स्टॉकमनच्या पोरांची शाळाही गेलीच की, त्यांना कुणी विचारलं होतं? त्यांची बायको कात्रीने सुरुवातीला हेच म्हणते, घरादाराचा विचार करा. फरक असलाच तर असा असावा. सगळं गाव उलटल्यावर तीच कात्रीने डॉक्टरांच्या शेजारी उभी राहते, पेट्राही राहते. काय चाललंय आणि काय जाणार आहे हे त्यांना माहीत होतं. हेडविगला काहीच माहीत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, स्टॉकमन गप्प बसले असते तर उद्या नवे पाहुणे तेच पाणी वापरून आजारी पडले असते. गीनाच्या जुन्या गोष्टीने कोण आजारी पडत होतं? पार्टनरच्या निकालाने तरी कोण?

तरीही कुणी म्हणेल की मग गप्पच बसावं, रेक्टरना काही सांगू नये, साइटवर सिमेंट कमी पडलेलं दिसलं तरी सही ठोकावी. तसं मला वाटत नाही. त्या सिमेंटखाली उद्या माणसं राहणार आहेत, तिथे स्टॉकमनच लागतो, जमल्यास आकडे न सोडणारा. पण सत्य सांगायची खुमखुमी येते तेव्हा आपण पाण्याचा नमुना तपासतोय की कुणाच्या खोलीत शेगडी पेटवतोय, हे त्या क्षणी कळत नाही. मला तरी कळलं नव्हतं.

दोन्ही नाटकं आपल्या लायब्ररीत इंग्रजीतून आहेत, एकेका रात्रीत संपतात. पार्टनरला 'वाइल्ड डक' वाचायला द्यावं असं एकदा मनात आलं होतं, पण ते फारच ग्रेगर्ससारखं झालं असतं. हा लेख मात्र मासिकाकडे देण्याआधी त्याला दाखवला. त्याने शांतपणे वाचला. मी बहिणीचा साखरपुडा असं लिहिलं होतं, ते खोडून त्याने 'लग्न' केलं आणि म्हणाला, 'दे छापायला.'