कबुलातीचा तास

बेळगुंदी हे बेळगावच्या पश्चिमेचे, राकसकोप जलाशयाच्या बाजूचे, रताळ्याच्या वेलांचे गाव. घरात मराठी, सरकारी दफ्तरात कन्नड आणि शाळेच्या वेळापत्रकात या दोहोंच्या जोडीला इंग्रजी, अशी तिहेरी वहिवाट इथल्या मुलांच्या वाट्याला आलेली आहे. अशा मुलांना इंग्रजीतून वचन द्यायला व मदत देऊ करायला शिकवायचे म्हणजे भविष्यकाळाची रूपे घोकून घ्यायची, असा सार्वत्रिक समज असल्यामुळे, मराठी माध्यमाच्या आठवीच्या वर्गात मागल्या बाकावर बसून पाहिलेला तास मला नोंदविण्याजोगा वाटतो.

बाईंनी ‘शॅल’ आणि ‘विल’ यांचा जुना कायदा काढलाच नाही. प्रथमपुरुषी ‘शॅल’ने नुसते भाकीत व ‘विल’ने वचन, इतर पुरुषी नेमके उलट, हा जॉन वॉलिस या गणितज्ञाने 1653 मध्ये आपल्या लॅटिनमधील इंग्रजी व्याकरणात घालून दिलेला दंडक आमच्या पिढीने इमानेइतबारे पाठ केला, त्याच्या जोरावर आमच्यापैकी कोणी कोणाच्या हातचे ओझे घेतल्याचे मात्र स्मरत नाही.

बाई वह्यांचा गठ्ठा दोन्ही हातांत घेऊन दारातच थांबल्या. पहिल्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, मी घेतो की.’

‘इंग्रजीत सांग.’

‘आय टेक’ असे उत्तर आले, तरी बाई गठ्ठा सोडीनात. मराठीत जी तत्परता वर्तमानकाळाच्या रूपात बिनबोभाट मावते, तिला इंग्रजीत ‘आय’च्या शेपटाशी एक ‘ल’ लागतो, आणि हा ‘ल’च महाकर्मकठीण. कोणी तो गिळतो. कोणी त्याचा सबंध ‘आइल’ करून इंजिनाच्या तेलाची आठवण देतो. कोणी धास्तीने पुरते ‘आय विल’ उच्चारतो, आणि मग वह्या उचलण्याच्या क्षुल्लक कामास न्यायासनापुढील शपथेचे गांभीर्य चढते. जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून क्षणभर तिथेच धरायचे, हे बाईंनी एकेकाकडून करवून घेतले. तोवर गठ्ठा त्यांच्याच हातात होता.

‘शॅल आय’ने सुरू होणारी विचारणा मुलांना ‘आणू का?’च्या सवयीने सहज साधली. अडले ते नकारापाशी. एका मुलीने दुसरीला चहा विचारला, दुसरीने पाठातल्याप्रमाणे आभारपूर्वक नको म्हटले, आणि संवाद संपला. पहिली खाली बसेना. आमच्याकडे पाहुण्याचा पहिला नकार हा केवळ शिष्टाचार असतो व त्यावर चहा न टाकणारी गृहिणी कंजूष ठरते, हा शिरस्ता तिच्या अंगात मुरलेला. तिने पुन्हा विचारले, तिसऱ्यांदाही विचारले. बाईंनी तिला अडविले नाही, हे मला फार आवडले.

वचन उच्चारणे हीच एक कृती आहे, हे ऑस्टिन या तत्त्वज्ञाने 1955 साली हार्वर्डच्या व्याख्यानांत मांडले. बाईंनी त्यासाठी एक जाड वही घातली आहे. प्रत्येकाने उद्याचे एक वचन मुदतीसह तीत लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीबरोबर त्याची झडती. उकडलेली रताळी, धाकट्या भावाची रंगपेटी, नदीकाठचा गुळगुळीत दगड, असे ऐवज त्यात होते. ‘बघतो’ला बाईंनी साफ मनाई केली आहे, कारण त्याचा अर्थ येथे ‘नाही’ असाच होतो. ज्याचे वचन फसले, त्याने भूतकाळात कारण सांगून नव्या तारखेचे वचन द्यायचे; समासात लाल शाईने ‘मुदतवाढ’ असा शेरा पडतो, आणि एका रताळ्याला असे तीन शेरे मिळालेले मी स्वतः पाहिले.